टीव्हीमागचा काँप्युटर : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्याच्या टपालात एकच विषय निरनिराळ्या तोंडांनी आला आहे. हॉलमधल्या मोठ्या टीव्हीला काँप्युटर जोडून हाय-डेफिनिशन व्हिडिओ बघायचा, तर आत काय घालायचं, बाहेर काय जोडायचं आणि बिनसलं तर आधी कुठे बघायचं? निवडक पत्रं थोडक्यात देत आहोत, उत्तरं जरा सविस्तर.

प्रश्न : ५५ इंची ४के टीव्ही घेतला आहे. हार्डडिस्कवर लग्नाचं ४के चित्रीकरण, फोनवर घेतलेले मुलांचे व्हिडिओ आणि काही एचडीआर (उजेड आणि रंगांचा जास्त मोठा पल्ला दाखवणारे) चित्रपट आहेत. दुकानदार म्हणतो, "४के म्हटलं की किमान आय५ आणि ग्राफिक्स कार्ड लागणारच." खरंच लागतं का? घुंघुं करणारं यंत्र हॉलमध्ये नको आहे. – एक वाचक, मिरज

उत्तर : नाही लागत. गेम खेळायचे असते तर दुकानदाराचं म्हणणं पटलं असतं. व्हिडिओचं तसं नाही. फाइल उलगडण्याचं काम प्रोसेसरच्या कोअरनी करायचंच नसतं. ग्राफिक्सच्या भागात त्यासाठी वेगळा डीकोडर कोरलेला असतो. तो अगदी थोड्या विजेत ४के व्हिडिओ आरामात पळवतो, पण त्याला जेवढे कोडेक (व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धती) येतात तेवढेच येतात. अनोळखी कोडेक समोर आला की सगळा भार कोअरवर पडतो, पंखा बोंबलायला लागतो आणि चित्र अडखळतं. तेव्हा प्रोसेसर किती तगडा आहे ते विचारत बसू नका, त्याच्या डीकोडरला काय काय येतं ते विचारा.

तुमचं लग्नाचं चित्रीकरण बहुधा एच.२६४ मध्ये असेल आणि फोनचे व्हिडिओ एचईव्हीसीमध्ये, म्हणजेच एच.२६५ मध्ये. एचडीआर चित्रपट १०-बिट एचईव्हीसी असतात. यूट्यूबचं ४के व्हीपी-९ किंवा एव्ही-१ मध्ये येतं. खात्री करायची तर 'मीडियाइन्फो' हा मोफत प्रोग्रॅम घ्या, त्यात फाइल टाका आणि चारच ओळी वाचा: कोडेक, बिट-डेप्थ (रंगांची बारकाई), फ्रेम रेट (सेकंदाला किती चौकटी), बिटरेट (सेकंदाला किती डेटा).

इंटेलकडे १०-बिट एचईव्हीसी आणि व्हीपी-९ पूर्णपणे हार्डवेअरमध्ये आलं ते सातव्या पिढीत, एव्ही-१ आलं अकराव्या पिढीत. एएमडीचा रायझन ५ ५६००जी अजून दुकानांत भरपूर दिसतो. तो एचईव्हीसी आणि व्हीपी-९ नीट चालवतो, पण एव्ही-१ त्याला येत नाही. डेस्कटॉपच्या ७००० मालिकेपासून एएमडीनेही एव्ही-१ दिलं.

तुमच्या गरजेला इंटेल एन१०० वर चालणारा मिनी पीसी पुरून उरेल. चार कोअर, ६ वॅटचा टीडीपी (प्रोसेसरच्या उष्णतेचा ठरवलेला आकडा), आणि वर लिहिलेले सगळे कोडेक येतात. रॅम एकाच चॅनलवर (मेमरीच्या एकाच वाटेवर) चालते, म्हणून ८ जीबीची एक पट्टी बस, १६ घेतली तर ब्राउझर सुखावेल. २५६ जीबीची एसएसडी फक्त ऑपरेटिंग सिस्टिमसाठी. पैसे देण्याआधी तीन गोष्टी तपासा. एचडीएमआयपुढे '४के, ६० हर्ट्झ' असं स्पष्ट लिहिलेलं हवं (हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा नवं चित्र घेतो). इथरनेट गिगाबिट हवं. आणि आतला पंखा किती मोठा आहे ते बघा. मिनी पीसीचा बोटभर पंखा वेगात फिरायला लागला की डासासारखा कानाशी गुणगुणतो. बायोसमध्ये (यंत्र सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) पंख्याचा 'सायलेंट' पर्याय असेल तर तो निवडा. बिनपंख्याचा डबा सगळ्यात शांत, पण एप्रिल-मे महिन्यांत बंद टीव्ही युनिटमध्ये कोंबला तर तापून स्वतःचा वेग कमी करतो. युनिटची मागची प्लाय कापा, वर-खाली दोन-तीन इंच मोकळे सोडा. पावसाळ्यात मुंग्या आणि पाली उबेला येऊन बसतात, तेव्हा जाळीचं झाकण लावलंत तरी चालेल, फक्त हवा अडू देऊ नका.

स्वतः जुळवायचा असेल तर आय३-१२१०० घ्या. नावाच्या शेवटी 'एफ' असलेला हजार-दोन हजारांनी स्वस्त मिळतो म्हणून उचलू नका: 'एफ' म्हणजे आत ग्राफिक्स नाही, अर्थात डीकोडरही नाही. सोबत एच६१० चिपसेटचा बोर्ड, ८ जीबीच्या दोन पट्ट्या (इथे दोन चॅनल आहेत, ४के एचडीआरला त्यांचा उपयोग होतो), ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी आणि ४०० ते ४५० वॅटचा, '८० प्लस ब्राँझ' ही कार्यक्षमतेची खूण असलेला एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा). कॅबिनेटसोबत फुकट येणारा एसएमपीएस मात्र सोडून द्या. त्याचा पंखा कर्कश असतो आणि आतल्या फिल्टरमध्ये काटकसर केलेली असते. प्रोसेसरवर ९२ किंवा १२० मिलीमीटरचा मोठा पंखा बसेल अशी कॅबिनेट घ्या, कारण मोठा पंखा सावकाश फिरूनही पुरेशी हवा देतो.

चित्रपट ठेवायला एसएसडी लागत नाही. ८० मेगाबिटची जड ४के फाइल म्हणजे सेकंदाला १० मेगाबाइट, तासाला ३६ जीबी. साधी ५४०० आरपीएमची हार्डडिस्क याच्या कितीतरी पट वेगाने वाचते. घोडं अडतं ते दुसरीकडेच. डिस्क एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तिच्यावर बसतच नाही. आणि फाइल नेटवर्कवरून आणताना वाटेत कुठे १०० मेगाबिटचं पोर्ट लागलं, तर जड दृश्यात तिथेच तुंबारा होतो.

सगळं जोडून झाल्यावर विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूचा 'व्हिडिओ डीकोड' आलेख बघा. व्हिडिओ चालू असताना तो हलत असेल आणि सीपीयू १०-१५ टक्क्यांखाली असेल तर डीकोडर कामाला लागलेला आहे.

प्रश्न : मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कंपन्यांनी काढून टाकलेले छोटे डेस्कटॉप स्वस्तात मिळतात. एकाकडे आय५-६५०० आहे, दुसऱ्याकडे थोड्या जास्त किमतीत आय५-७५००. फरक फारसा नाही असं दोघंही सांगतात. – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : एक्सेल चालवायला फरक नाही, व्हिडिओला जमीन-अस्मानाचा आहे. ६५०० सहाव्या पिढीतला. त्याच्या डीकोडरला ८-बिट एचईव्हीसी येतं, पण १०-बिट धड येत नाही, म्हणजे एचडीआर चित्रपट लावला की बोंब. ७५०० ला दोन्ही येतात. वरचे पैसे देऊन ७५०० घ्या, किंवा आठव्या पिढीचा मिळाला तर आणखी चांगलं. एव्ही-१ यातल्या कुणालाच येत नाही, पण यूट्यूबचे व्हिडिओ व्हीपी-९ मध्येही मिळतात, म्हणून तेवढ्यावरून सौदा मोडू नका.

आता यंत्र उलटं करून मागची बाजू बघा. खरी मेख तिथे आहे. या ऑफिस यंत्रांना बऱ्याचदा दोन डिस्प्लेपोर्ट आणि एक व्हीजीए असतं, एचडीएमआय नसतंच. दुकानदार शंभर-दोनशे रुपयांचा कन्व्हर्टर हातात ठेवतो. तो साधा, म्हणजे पॅसिव्ह असतो आणि त्यातून ४के ३० हर्ट्झच्या वर जात नाही. ६० हर्ट्झ हवं असेल तर 'अ‍ॅक्टिव्ह' आणि '४के ६० हर्ट्झ' असं दोन्ही छापलेला कन्व्हर्टर मागा. एचडीएमआय असलं तरी आनंद जपून करा. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधून थेट निघणारं एचडीएमआय दहाव्या पिढीपर्यंत १.४ च होतं. बोर्डवाल्याने वेगळी चिप टाकली असेल तरच २.० मिळतं. बोर्डाच्या माहितीपत्रकात '४०९६ × २१६०, ३० हर्ट्झ' असं दिसलं तर ते १.४ समजा.

१.४ वर काय चालतं, काय नाही? ४के २४ हर्ट्झला २९७ मेगाहर्ट्झचा पिक्सेल क्लॉक (चित्राचे ठिपके पाठवण्याचा वेग) लागतो आणि १.४ ची मर्यादा ३४० ची आहे, म्हणजे चित्रपट आपल्या मूळ गतीने ४के मध्ये निवांत चालेल. ४के ६० ला ५९४ लागतो, तो बसत नाही. एचडीआरचा संदेशही १.४ मधून टीव्हीला पोचत नाही, तेव्हा एचडीआर चित्रपट साध्या रंगांत बघावे लागतील. ४के ३० वर माउसचा बाण मात्र दलदलीतून चालल्यासारखा वाटतो. त्यावर उपाय असा की मेनू १०८०पी ६० हर्ट्झवर ठेवायचा आणि व्हिडिओ सुरू झाला की ४के २४ वर जायचं. हे 'कोडी' (व्हिडिओ चालवणारा मोफत प्लेअर) आपोआप करतं, त्याची पद्धत पुढच्या उत्तरात आहे.

विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढेच चालतं आणि विंडोज १० चा साधा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सातव्या पिढीच्या यंत्रावर सरळ 'लिबरइलेक' टाका. कोडी चालवण्यापुरतीच ही मोफत लिनक्स आहे. पेनड्राइव्हवरून दहा मिनिटांत बसते आणि यंत्र सुरू केलं की थेट चित्रपटांची यादी समोर येते.

दुकानातून निघण्यापूर्वी बायोस उघडून दाखवायला सांगा. कंपनीचा पासवर्ड आत तसाच असेल तर पेनड्राइव्हवरून काहीच चालू होणार नाही. घरी आणल्यावर हीटसिंक (प्रोसेसरवरचा उष्णता शोषणारा धातूचा ठोकळा) काढून वाळून पापुद्रा झालेली थर्मल पेस्ट पुसा आणि वाटाण्याएवढी नवी लावा. या यंत्रांच्या निम्म्या आवाजाचं कारण तीच असते.

प्रश्न : नवा काँप्युटर आहे, सीपीयू ५ टक्क्यांवर असतो, तरी चित्रपटात कॅमेरा संथपणे आडवा सरकतो तेव्हा चित्र हिसके खातं. ग्राफिक्स कार्ड टाकून फरक पडेल का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : कार्डावर पैसे घालू नका. हा ताकदीचा नाही, भागाकाराचा प्रश्न आहे.

चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो, डिस्कवर नेमका २३.९७६ चा. तुमचा टीव्ही काँप्युटरकडून ६० हर्ट्झ घेतो. ६० ला २४ ने भागलं तर अडीच येतात, आणि अर्धी चौकट दाखवता येत नाही. म्हणून एक चौकट तीन वेळा, पुढची दोन वेळा, पुन्हा तीन, पुन्हा दोन, अशी लंगडी चाल सुरू होते. संवादाच्या दृश्यात ती लपते, संथ पॅनमध्ये उघडी पडते. आपल्याकडचं प्रसारण आणि त्यावरून केलेली रेकॉर्डिंग २५ चौकटींची असतात. ती ६० वर आणखी वाईट दिसतात, ५० वर मात्र लोण्यासारखी.

कोडीत सेटिंग्जची पातळी 'एक्स्पर्ट' करा. प्लेअरच्या 'व्हिडिओ' विभागात 'अ‍ॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट' शोधून ते 'ऑन स्टार्ट/स्टॉप' वर ठेवा. मग सिस्टिम, डिस्प्ले, 'व्हाइटलिस्ट'. इथे टीव्ही जे स्वीकारतो त्यातले २३.९७६, २४, २५, २९.९७, ५०, ५९.९४ आणि ६० निवडा, १०८०पी आणि २१६०पी दोन्हींसाठी. २३.९७६ आणि २४ हे वेगळे आहेत, दोन्हींवर खूण हवी. २३.९७६ चा चित्रपट २४.००० वर चालवला तर साधारण दर ४२ सेकंदांनी एक चौकट दुबार दिसते आणि बारीकसा ठेचका बसतो. पाहणाऱ्याला कळतं की काहीतरी खटकलं, काय ते सांगता येत नाही. मेनूचं रिझोल्यूशन १०८०पी ६० वरच राहू द्या.

गती बदलताना टीव्ही क्षणभर काळा होतो आणि पहिला संवाद त्यात बुडतो. त्याच पानावर गती बदलताना थांबण्याची सोय आहे, तिथे २ ते ३ सेकंद ठेवा. 'सिंक प्लेबॅक टू डिस्प्ले' बंदच असू द्या. ते आवाजाची गती किंचित ओढून चित्राशी जुळवतं, आणि पासथ्रूने, म्हणजे न उलगडता तसाच अ‍ॅम्प्लिफायरकडे, जाणारा आवाज तसा ओढता येत नाही.

व्हिडिओ चालू असताना कीबोर्डवर 'ओ' अक्षराची कळ दाबा. पडद्यावर डीकोडरच्या नावापुढे 'एचडब्ल्यू' (हार्डवेअर) दिसलं पाहिजे, आणि कंट्रोल-शिफ्ट-ओ दाबल्यावर येणाऱ्या डीबग माहितीत गळलेल्या चौकटींचा आकडा स्थिर राहिला पाहिजे. तो वाढत असेल तरच यंत्राकडे संशयाने बघा. टीव्हीतली 'मोशन' नावाची जी काही करामत असेल ती आधी बंद करा, नाहीतर कोण हिसके देतंय हे कळणारच नाही.

फोनचे व्हिडिओ याला अपवाद. फोन उजेडाप्रमाणे चौकटींची गती कमीजास्त करतो, त्यामुळे तो बारीक अडखळा फाइलमध्येच असतो. तो कुठल्याच सेटिंगने जात नाही.

प्रश्न : जुना ५.१ एव्ही रिसीव्हर (सहा स्पीकर चालवणारा अ‍ॅम्प्लिफायर) आहे, आवाज अजून दणदणीत, पण त्याचं एचडीएमआय १.४ चं. नवा टीव्ही ४के एचडीआर. रिसीव्हर टाकून द्यायचा का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : अजिबात नको. काँप्युटर रिसीव्हरमधून टीव्हीला नेला तर चित्र १.४ वर अडकेल, एवढाच त्याचा दोष. चित्र आणि आवाज वेगळ्या वाटांनी न्या.

सगळ्यात चांगली वाट अशी: काँप्युटरला दोन एचडीएमआय हवीत, आणि बहुतेक मिनी पीसींना असतात. पहिलं थेट टीव्हीला. दुसरं रिसीव्हरला, फक्त आवाजासाठी. विंडोजला रिसीव्हर हा दुसरा पडदा वाटतो, तो 'एक्स्टेंड' वर १०८०पी ठेवा. कोडीत आवाजाचं साधन म्हणून रिसीव्हर निवडा, वासापी (WASAPI) असं लिहिलेली नोंद घ्या, 'अलाऊ पासथ्रू' चालू करा आणि रिसीव्हरला जे येतं तेवढ्याच डॉल्बी-डीटीएसच्या प्रकारांवर खूण करा. डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी १.४ मधून बिनबोभाट जातात. त्रास एकच: माउसचा बाण कधीतरी त्या न दिसणाऱ्या दुसऱ्या पडद्यावर जाऊन हरवतो. डिस्प्ले सेटिंगमध्ये दुसरा पडदा ओढून पहिल्याच्या कोपऱ्याला तिरका चिकटवा, म्हणजे बाण सहज पलीकडे जाणार नाही.

दुसरी वाट टीव्हीतून उलट रिसीव्हरकडे, म्हणजे एआरसी. जुन्या रिसीव्हरला ईएआरसी (एआरसीची सुधारित आवृत्ती) नसतं आणि साध्या एआरसीतून ट्रूएचडी जात नाही, दाबलेला डॉल्बी तेवढा जातो. शिवाय बरेच टीव्ही डीटीएस मध्येच गिळतात: चित्र छान, आवाज गायब.

तिसरी, ऑप्टिकल. त्यातून दोन चॅनलचा पीसीएम (न दाबलेला आवाज) किंवा ५.१ चा साधा डॉल्बी-डीटीएस एवढंच जातं. फाइलमध्ये दुसरा कुठला ५.१ आवाज असेल, उदाहरणार्थ एएसी, तर कोडीत चॅनल २.० ठेवा, पासथ्रू चालू करा आणि डॉल्बी डिजिटल ट्रान्सकोडिंगवर खूण करा. चॅनल ५.१ वर ठेवले तर हा पर्याय दिसतच नाही, आणि लोक तो शोधत बसतात.

प्रश्न : काँप्युटरच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. केबल टीव्हीची वायर टीव्हीला लावली की स्पीकरमधून सतत घूं असा आवाज येतो. मागच्या महिन्यात एचडीएमआय लावताना बारीक ठिणगी दिसली आणि टीव्हीचं एक पोर्ट कायमचं गेलं. काँप्युटर खराब आहे का? – एक वाचक, संगमेश्वर

उत्तर : काँप्युटर नाही, घरातलं अर्थिंग. तिन्ही तक्रारींचं मूळ तिथेच आहे.

एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळणारा फिल्टर असतो. त्यातला एक लहान कपॅसिटर फेजपासून पत्र्याला आणि दुसरा न्यूट्रलपासून पत्र्याला जोडलेला असतो. पत्रा अर्थला जोडलेला असेल तर गळणारी नगण्य वीज जमिनीत जाते. अर्थ तुटलेला असेल तर पत्रा त्या दोन कपॅसिटरच्या मधोमध लटकतो, म्हणजे २३० च्या निम्म्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास. मल्टिमीटरचं एक टोक पत्र्याला आणि दुसरं खात्रीच्या अर्थला लावून बघा, ९० ते १२० असं काहीतरी दिसेल. प्रवाह एक मिलीअँपिअरहून बराच कमी असल्याने झिणझिण्यांवर भागतं. टीव्हीच्या एचडीएमआय चिपला मात्र तेवढा झटका पुरतो, विशेषतः केबलवाल्याच्या वायरीने टीव्हीची बॉडी दुसऱ्याच पातळीवर बांधलेली असते तेव्हा.

आधी काँप्युटर ज्यावर लावला आहे तो एक्स्टेन्शन बोर्ड उघडून बघा. स्वस्त बोर्डात तिसरं भोक असतं, पण आत वायर दोनच असतात. मग भिंतीच्या सॉकेटवर मोजा: फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा कमी. तसं नसेल तर वायरमनला बोलवा. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, अशा वेळी त्यात बादलीभर पाणी ओतल्यानेही फरक दिसतो. पण सैल किंवा गंजलेली जोडणी पाण्याने सुधारत नाही.

घूं आवाज ५० हर्ट्झचा असतो. केबलची वायर एका अर्थला, काँप्युटर-अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या अर्थला, आणि दोघांमध्ये एक वळसा तयार होतो. टीव्ही, काँप्युटर, अ‍ॅम्प्लिफायर एकाच बोर्डावर घ्या आणि केबलच्या वायरीत ग्राउंड आयसोलेटर बसवा. आवाज जावा म्हणून प्लगची अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नका, त्याने आवाज जातो आणि पत्रा पुन्हा लटकतो.

अर्थिंग दुरुस्त होईपर्यंत एचडीएमआय लावता-काढताना दोन्ही यंत्रांचे प्लग भिंतीतून काढा आणि केबलची वायरही सोडवा. नुसतं रिमोटने बंद करून काही होत नाही.

प्रश्न : प्रोजेक्टर छतावर आहे, काँप्युटर खाली, मध्ये १० मीटर. १०८०पी नीट चालतं, ४के एचडीआर लावलं की पडदा मधूनच काळा होतो किंवा पांढरे ठिपके चमकतात. – एक वाचक, पुणे

उत्तर : केबल हरली आहे. ४के ६० ला १८ गिगाबिट लागतात आणि तांब्याची केबल पाच मीटरच्या पुढे तेवढे भरवशाने नेत नाही. सोन्याच्या मुलाम्याने त्यात फरक पडत नाही. ऑप्टिकल फायबरची एचडीएमआय केबल घ्या. तिला दिशा असते: 'सोर्स' लिहिलेलं टोक काँप्युटरला, 'डिस्प्ले' लिहिलेलं प्रोजेक्टरला. उलटी लावली तर काहीच दिसत नाही आणि केबल खराब निघाली असं वाटतं. भिंतीत घालण्याआधी जमिनीवर पसरून तासभर चालवून बघा. एचडीएमआयचं डोकं सहज जाईल असा रुंद पाइप टाका आणि त्यात ओढायची दोरी कायम ठेवा. फायबर कोनात दुमडू नका.

प्रश्न : मराठी सबटायटल्स लावली की कधी नुसते चौकोन येतात, कधी जोडाक्षरं फुटतात, तर एका फाइलमध्ये भलतीच चिन्हं दिसतात. – एक वाचक, बेळगाव

उत्तर : तीन लक्षणं, तीन वेगळी दुखणी. चौकोन म्हणजे निवडलेल्या फाँटमध्ये देवनागरीच नाही. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी कोडीच्या मीडिया फोल्डरमधल्या फाँट्समध्ये ठेवा आणि सबटायटलच्या सेटिंगमध्ये निवडा. जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, हे जुन्या आवृत्तीचं लक्षण. २०२३ मध्ये आलेल्या विसाव्या आवृत्तीपासून कोडीने सबटायटल रंगवण्याची पद्धतच बदलली, ती किंवा पुढची घ्या. तिसरी फाइल नोटपॅडमध्ये उघडा. तिथे मराठी नीट दिसत असेल तर 'सेव्ह अ‍ॅज' मधून यूटीएफ-८ करा, काम झालं. तिथेही इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली तर ती युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेली आहे. ती आधी त्या फाँटच्या कन्व्हर्टरमधून काढावी लागेल.

प्रश्न : एका चित्रपटात माणसांचे चेहरे जांभळे आणि झाडं विचित्र हिरवी दिसतात. बाकी सगळ्या फाइल्स ठीक आहेत. – एक वाचक, लातूर

उत्तर : मीडियाइन्फोमध्ये बघा, 'डॉल्बी व्हिजन, प्रोफाइल ५' असं दिसेल (डॉल्बी व्हिजन हा डॉल्बीचा स्वतःचा एचडीआर प्रकार). या प्रकारात रंग वेगळ्याच पद्धतीने साठवतात आणि साधा एचडीआर पाया दिलेला नसतो, त्यामुळे ज्या प्लेअरला ती पद्धत माहीत नाही तो असे रंग काढतो. प्रोफाइल ७ आणि ८.१ मध्ये पाया असतो, त्या फाइल्स साध्या एचडीआरमध्ये चालतात. प्रोफाइल ५ साठी 'एमपीव्ही' प्लेअर घ्या आणि त्यात व्हिडिओ आउटपुट 'जीपीयू-नेक्स्ट' ठेवा. टीव्हीला डॉल्बी व्हिजन येत असेल तर फाइल पेनड्राइव्हवर घालून थेट टीव्हीच्याच प्लेअरमध्येही लावून बघा.

प्रश्न : कपाटात जीटी ७१० ग्राफिक्स कार्ड पडून आहे. ते टाकून जुन्या यंत्रावर ४के चालेल का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : नाही. त्याला एचईव्हीसी येत नाही आणि त्याचं एचडीएमआय १.४ चं आहे. १०८०पी एच.२६४ साठी वापरा. कार्डच घ्यायचं असेल तर जीटी १०३० ला १०-बिट एचईव्हीसी येतं, एव्ही-१ येत नाही. इंटेल आर्क ए३१० ला तेही येतं.

प्रश्न : लिबरइलेकवर नेटफ्लिक्स ४के मध्ये दिसेल का? आणि नव्या काँप्युटरला ४के ब्लू-रे ड्राइव्ह लावली तर? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नेटफ्लिक्स ४के मध्ये दिसणार नाही. त्यासाठी विंडोजवर एज ब्राउझर किंवा त्यांचं अ‍ॅप आणि पूर्ण वाटेवर एचडीसीपी २.२ (नक्कल रोखणारी सुरक्षा) लागतं, लिनक्सवर ते मिळत नाही. तुमच्या टीव्हीतल्या अ‍ॅपवर किंवा एखाद्या स्टिकवर ते आत्ताच मिळतं आहे, तिथेच बघा. ४के डिस्क अधिकृतपणे चालायला प्रोसेसरमध्ये एसजीएक्स नावाची सोय लागते आणि इंटेलने ती अकराव्या पिढीपासून घरगुती प्रोसेसरमधून काढून टाकली. ड्राइव्हचे पैसे वेगळ्या ४के ब्लू-रे प्लेअरकडे वळवा.